होल्डरमध्ये अडकलेला बल्ब

भारतीय घरांतला बहुतेक प्रत्येक बल्ब दोन पिनांचा असतो. त्याच्या धातूच्या टोपीचा व्यास २२ मिलिमीटर असतो. टोपीच्या कडेला समोरासमोर दोन बारीक पिना आणि माथ्यावर डाखाचे दोन ठिपके असतात. होल्डरच्या पोकळीत वर दोन स्प्रिंगच्या पिना असतात. बल्ब बसला की त्या ठिपक्यांवर दाबून बसतात आणि वीज आत जाते. ही रचना इंग्लंडमधली. १८८०च्या दशकात अमेरिकेत एडिसनचा आट्यांचा बल्ब रुजला आणि इंग्लंडमध्ये जोसेफ स्वॉनच्या दिव्यांच्या परंपरेतून दोन पिनांचा बल्ब पुढे आला. इंग्रजी अमलात वीज आली तेव्हा तिच्याबरोबर हा होल्डरही इथे आला आणि कायमचा राहिला. आट्यांचे २७ आणि १४ मिलिमीटरचे बल्ब आपल्याकडे मुख्यतः शोभेच्या झुंबरांत आणि टेबलावरच्या दिव्यांत दिसतात.

बल्ब अडकण्याचे कोडे या रचनेतच आहे. होल्डरच्या कडेला असलेली खाच सरळ वर जाते, मग आडवी वळते आणि शेवटी किंचित खाली उतरते. बल्ब लावताना पीन या वाटेने जाऊन शेवटच्या खळगीत बसते आणि स्प्रिंगचा दाब तिला तिथे धरून ठेवतो. त्यामुळे आगगाडीच्या डब्यातही असा बल्ब सुटून पडत नाही. काढताना आधी बल्ब वर दाबायचा असतो, म्हणजे पीन खळगीतून उठते. मग तो डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा. ही फिरकी पाव वळशाहूनही कमी असते. अनेक जण दाबण्याची पायरी विसरतात आणि नुसता पीळ देत राहतात. पीन खळगीतच असते, जोर काचेवर येतो आणि काच टोपीतून सुटते. मुळात धड असलेला बल्ब बऱ्याचदा असा हाताने तोडला जातो.

खरोखर अडकलेल्या बल्बाची कारणे वेगळी असतात. स्प्रिंगवर गंज चढला की ती दबत नाही, आणि ती दबली नाही तर पीन खळगीतून उठत नाही. संपर्क ढिला असेल तर तिथे बारीक ठिणग्या पडत राहतात; त्या उष्णतेने डाखाचा ठिपका वितळून होल्डरच्या पिनेला चिकटतो. जुन्या ६० आणि १०० वॅटच्या तारेच्या बल्बांनी वर्षानुवर्षे दिलेल्या उष्णतेने बॅकेलाइटचा होल्डर ठिसूळ होतो, त्याची कडी तडकते आणि खाचेचा आकार बिघडतो. काच आणि टोपी जोडणारा मसालाही याच उष्णतेने भुगा होतो. मग काच गोल फिरते आणि टोपी जागची हलत नाही.

रामटेकसारख्या गावात ही सगळी कारणे एकाच घरात सापडतात. नागपूरच्या ईशान्येला पन्नासेक किलोमीटरवर, गडाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात कवेलूंची आणि टिनाच्या छपरांची घरे अजून आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि छपराखालचा होल्डर बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापतो. जूनच्या शेवटी पाऊस लागला की अंगणातल्या, मोरीतल्या आणि गोठ्यातल्या होल्डरमध्ये ओल शिरते. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर आणि तेलकट वाफ यांची चिकट पुटे होल्डरवर चढतात, त्यावर धूळ बसते. पोकळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, कधी पाल शिरून मरते. दिवाळीच्या साफसफाईला, आणि रामटेकात त्यानंतर लगेच येणाऱ्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेआधी, घरोघर शिड्या निघतात तेव्हा वर्षभर न हललेल्या या बल्बांना हात लागतो. तेव्हाच ते तुटतातही.

तुटलेल्या बल्बाची काच बोट कापते. जीव मात्र जातो तो होल्डरमधल्या पिनांमुळे किंवा टोपीतून बाहेर आलेल्या तारांच्या टोकांमुळे. आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. बटण बंद केले म्हणजे होल्डर मेला, असे मानणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे. नियमानुसार बटण फेजच्या तारेवर हवे, पण जुन्या किंवा घाईत केलेल्या वायरिंगमध्ये ते न्यूट्रलवर जोडलेले सापडते. अशा जोडणीत बटण बंद केल्यावर दिवा विझतो खरा, पण होल्डरच्या पिनेत फेज जिवंतच राहतो. जिन्याच्या दिव्याला खाली-वर दोन बटणे असतात. तिथे बटण वर आहे की खाली, यावरून काहीच कळत नाही. म्हणून मेन स्विच बंद करणे हाच पहिला नियम. एमसीबी असलेल्या घरात निदान त्या खोलीच्या दिव्यांचा एमसीबी खाली करावा, आणि तो नेमका कोणता याची खात्री नसेल तर मेनच बंद करावा.

मेन बंद केल्यानेही काम संपत नाही, कारण आता घरोघर इन्व्हर्टर आहे. महाराष्ट्राने २००५ नंतरची काही वर्षे दीर्घ भारनियमन सोसले, आणि तेव्हापासून गावोगाव प्रत्येक खोलीतला एक दिवा व एक पंखा इन्व्हर्टरवर घेण्याची पद्धत पडली. अशा घरात मेन बंद करताच इन्व्हर्टरला वाटते की लाइन गेली, आणि तो त्याच क्षणी बॅटरीतून २३० व्होल्ट पाठवू लागतो. मेन बंद करून होल्डरमध्ये पक्कड घालणाऱ्याला त्यामुळे पूर्ण दाबाचा झटका बसू शकतो. आधी इन्व्हर्टरचे बटण बंद करून मग मेन बंद करावा. त्यानंतर दिव्याचे बटण एकदा चालू-बंद करून घरातला एकही दिवा लागत नाही ना, ते पाहावे. लाइन गेलेली असताना ‘आता वीज नाहीच’ म्हणून बल्ब काढायला बसणे तर सरळ धोक्याचे आहे. ती कोणत्या क्षणी परत येईल ते घरातल्या कुणाच्याच हातात नसते.

टेस्टर वापरण्याचीही रीत आहे. मेन बंद करण्यापूर्वी तो चालू सॉकेटमध्ये लावून त्याचा दिवा पेटतो ना, हे पाहावे. मग पुरवठा बंद केल्यावर होल्डरच्या दोन्ही पिनांना किंवा तुटक्या टोपीतल्या तारांना लावावा. भर दुपारच्या उजेडात टेस्टरमधला निऑनचा मंद लाल ठिपका दिसत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर जाड रबरी चपला घालून उभे राहिले की तो आणखी मंद होतो. त्यामुळे टेस्टर पेटला तर वीज आहे हे नक्की. पेटला नाही म्हणून वीज नाही असे ठरत नाही. त्याची साक्ष मेन आणि इन्व्हर्टर बंद केल्यानंतरची जोडीची खातरजमा म्हणूनच घ्यावी. काम चालू असेपर्यंत मेनच्या बोर्डाजवळ घरातले एखादे मोठे माणूस उभे करावे. पंखा थांबला म्हणून कुणी सहज जाऊन मेन वर करतो, आणि अपघात अशाच सहजपणातून होतात.

गळती पकडणाऱ्या आरसीसीबीवरही इथे पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. तिथे ओल्या फरशीवरून वीज अंगातून जमिनीत जाते, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्राण वाचवू शकतो. प्रत्येक घरात तो असायलाच हवा. पण दोन पिनांच्या होल्डरमध्ये बोट किंवा पक्कड एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना लागू शकते. माणूस लाकडी स्टुलावर असेल तर वीज जमिनीकडे न जाता एका पिनेतून दुसऱ्या पिनेत जाते. आरसीसीबीला त्यात गळती दिसत नाही आणि तो पडत नाही.

उंचीचा धोका याच्याच जोडीचा आहे. एरवी हात झटकून विसरला जाईल इतका लहान झटका स्टुलावरच्या माणसाला खाली पाडतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर किंवा खाटेवर ठेवलेल्या स्टुलावर चढू नये. लाकडी घोडा किंवा लाकडी शिडी सर्वांत चांगली, आणि ती धरायला दुसरे माणूस हवे. बल्ब डोक्याच्या थेट वर न ठेवता थोडा समोर येईल असे उभे राहावे, म्हणजे काचेचा चुरा डोळ्यांत पडत नाही. मोटारसायकलचा चष्मा असेल तर तो लावावा. साधा चष्माही काही नसण्यापेक्षा बरा. खाली जुनी चादर अंथरावी आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे. दिवा नुकता बंद केला असेल तर पंधरा मिनिटे थांबावे.

काच धड असेल तर हातात जाड कोरडे कापड किंवा रबरी हातमोजा घेऊन, बल्बाची टोपी जितकी बोटांत येईल तितकी धरून, एकदा नीट वर दाबावे आणि दाब न सोडता डावीकडे वळवावे. वळत नसेल तर उजवीकडे किंचित हलवून पुन्हा डावीकडे न्यावे. या मागेपुढे हलवण्याने गंजाची पकड सुटते. काच टोपीत फिरू लागली आहे असे जाणवताच काचेला पीळ देणे थांबवावे, कारण पुढच्या पिळाला आतल्या तारा तुटतात आणि काच हातात येते. एलईडी बल्बाचा गुळगुळीत घुमट हातात ठरत नसेल तर त्याच्यावर रुंद चिकटपट्टीचा पट्टा आडवा चिकटवून दोन्ही टोकांना मूठ करावी, पकड येते. होल्डरमध्ये गंज सोडवणारा फवारा मारू नये. त्यातला द्रव पेट घेणारा असतो आणि तो आत साचून राहतो.

काच फुटून टोपी आत राहिली असेल तर उरलेले काचेचे दाते आधी पक्कडीने टोपीच्या कडेपर्यंत मोडून घ्यावेत, एक हात खाली पुठ्ठा धरण्यासाठी मोकळा ठेवून. मग लांब चोचीची, मुठीला रबरी आवरण असलेली पक्कड टोपीच्या पोकळीत बंद घालून उघडावी, म्हणजे तिचे दोन्ही ओठ आतून कडेला दाबून बसतात. याच अवस्थेत वर दाबून डावीकडे वळवावे. टोपीची कडा पातळ असते. आतून पकड बसत नसेल तर एका बाजूची कडा आत वाकवून तीच पक्कडीत धरता येते.

अर्धा कापलेला बटाटा तुटक्या टोपीवर दाबून फिरवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ती आट्यांच्या बल्बांच्या देशातली आहे. आट्यांची टोपी नुसती फिरवली की खाली येते, म्हणून तिथे बटाट्याचा थोडाफार उपयोग होतो. आपल्या होल्डरमध्ये आधी दाबावे लागते, आणि दाबला की बटाटा चिरडतो. त्याचे पाणी होल्डरमध्ये उतरते, आणि ते पाणी वीज वाहून नेते. इथल्या घरात ही युक्ती करू नये.

आट्यांचा तुटका बल्ब असेल तर पक्कड तशीच आतून लावून डावीकडे फिरवत राहायचे. दाबायची गरज नाही. मात्र अशा होल्डरमध्ये फेज तळाच्या पत्रीवर आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांवर असायला हवा. जोडणी उलटी असेल तर बल्ब फिरवताना बोटांना लागणारी आट्यांची कडाच जिवंत असते.

एलईडी बल्ब वेगळ्या तऱ्हेने तुटतो आणि त्याचा धोका लोकांच्या फारसा लक्षात आलेला नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. महाराष्ट्रात महावितरणच्या केंद्रांवरही ते मिळत असत. तारेचा बल्ब फुटला की विझतो. एलईडीचा प्लॅस्टिकचा घुमट निघून पडला तरी तो जळतच राहतो. मग लोक तो तसाच वापरतात. स्वस्त बल्बांत आतल्या पांढऱ्या चकतीवरच्या पिवळ्या ठिपक्यांपर्यंत घरातला विजेचा दाब थेट पोचलेला असतो, कारण त्याला अलग करणारा ट्रान्सफॉर्मर आत नसतो. झाडूचे ओले टोक किंवा पुसणाऱ्याचे बोट त्या चकतीला लागणे म्हणजे उघड्या तारेला लागणे. असा बल्ब उजेड देत असला तरी त्याच दिवशी काढावा. बटण बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ भार राहतो, म्हणून काही मिनिटे थांबून मगच हात लावावा. एलईडीचे धड टोपीपासून सुटून दोन तारांवर लोंबू लागले तर ते ओढू नये. तारा तुटून टोपी आत राहते आणि काम वाढते. धड एका हाताने तोलून दुसऱ्या हाताने टोपीच फिरवावी.

इतके करूनही टोपी हलत नसेल तर झटापट थांबवावी. जोर वाढवला की बॅकेलाइट फुटते, होल्डर छतापासून सुटतो आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीची वायर मुळाशी तुटते. होल्डर ही स्वस्त वस्तू आहे आणि अडकलेला बल्ब बहुतेक वेळा होल्डर संपल्याचेच सांगत असतो. त्याच्यासकट बल्ब काढून नवा होल्डर बसवणे हा हार मानण्याचा नव्हे, शहाणपणाचा मार्ग आहे. भिंतीवरचा तिरपा किंवा छतावरचा होल्डर दोन स्क्रूंवर असतो. ते पेचकसाने सैल केले की मागे दोन वायर दिसतात. वायरीवर लटकणाऱ्या होल्डरचे वरचे झाकण फिरवून उघडते. दोन पिनांच्या होल्डरमध्ये कोणती वायर कोणत्या बाजूला, याने फरक पडत नाही. पण वायरीचा एकही केस बाहेर राहू नये, आणि लटकत्या होल्डरमध्ये वजन स्क्रूंवर न येता वायर अडकवण्यासाठी दिलेल्या खाचांवर यावे. नवा होल्डर आयएसआय खुणेचा घ्यावा. या होल्डरसाठीचे मानक आयएस १२५८ आहे. जुन्या वायरीचे रबर वाकवताच भुगा होऊन गळत असेल, होल्डरपाशी काळे पडलेले असेल किंवा जळका वास येत असेल, तर तिथून पुढचे काम परवानाधारक वायरमनचे. वीज खांबावरून घरात येते त्या जागी बिघाड दिसला तर १९१२ या क्रमांकावर कळवावे.

कुणाला झटका बसून तो चिकटून राहिला असेल तर त्याला हात लावू नये. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करावेत. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा लाकडी खुर्चीच्या पाठीने त्याला दूर ढकलावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिकेची वाट न पाहता छाती दाबणे सुरू करावे.

नवा बल्ब लावण्यापूर्वी, पुरवठा बंद असतानाच, होल्डरच्या दोन्ही पिना पेचकसाने अलगद दाबून पाहाव्यात. त्या दबून परत वर यायला हव्यात. एखादी दबलेलीच राहिली तर नवा बल्बही ढिला बसेल, ठिणग्या पडतील आणि तोही चिकटेल. पिनांवरचा काळा थर बारीक पॉलिशपेपरने घासून कोरड्या कापडाने पुसावा. तारेच्या ६० वॅटच्या बल्बाच्या जागी ९ वॅटचा एलईडी पुरून उरतो, आणि तो होल्डरला पूर्वीइतका तापवत नाही. मात्र एलईडीला स्वतःला उष्णता सोसत नाही. त्याच्यातल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना जवळपास निम्मे होते. टिनाच्या छपराला टेकून, किंवा बंद काचेच्या गोळ्यात लावलेला एलईडी म्हणूनच एका उन्हाळ्यात जातो. तो छपरापासून हातभर खाली, मोकळ्या हवेत लावावा. अंगणात पावसापासून आडोसा असलेला होल्डर घ्यावा.

जुन्या सीएफएलची गोष्ट निराळी. तिच्या काचेच्या नळीत साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. ट्यूबलाइटमध्ये त्याहून जास्त असू शकतो. ती फुटली तर खोलीतली माणसे बाहेर काढावीत, पंखा आणि कूलर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि पंधरा मिनिटे आत जाऊ नये. झाडू मारू नये, कारण त्याने पाऱ्याची वाफ आणि बारीक पूड घरभर पसरते. हातमोजे घालून जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी काच उचलावी, उरलेली पूड चिकटपट्टीने टिपावी, शेवटी ओल्या कापडाने फरशी पुसावी आणि हे सगळे, कापडासकट, झाकणाच्या बरणीत बंद करावे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी सीएफएल आणि ट्यूबलाइट हा घरगुती घातक कचरा ठरवला, आणि एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांतही पाऱ्याचे दिवे आहेत. ही बरणी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घंटागाडीवाल्याला वेगळी द्यावी आणि आत काय आहे ते सांगावे.

साध्या बल्बाची काच वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालावी, खोके चिकटपट्टीने बंद करून त्यावर ठळक ‘काच’ लिहावे. पितळेसाठी टोप्या फोडून काढण्याचे काम मुलांकडे देऊ नये. एलईडीचे तुटके धड आणि टोपी भंगारवाल्याकडे किंवा दिव्यांच्या दुकानात ई-कचरा घेत असतील तर तिथे जमा करावी.